वाचकांचे प्रश्न : चेलोवादक पाब्लो कासाल्स

गेल्या अंकात गजाच्या वाद्यांविषयीच्या एका उत्तरात आम्ही पाब्लो कासाल्स यांचा ओझरता उल्लेख केला होता आणि चेलो आज ज्या रीतीने वाजवला जातो ती रीत बऱ्याच अंशी या एका माणसाने घालून दिली, असे म्हटले होते. (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले, पण पुष्कळ मोठे, बसून वाजवायचे वाद्य.) त्या वाक्यावर एकट्या पुण्यातूनच इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर आम्ही कासाल्स यांच्यासाठी राखून ठेवले आहे. २०२६ च्या डिसेंबरात त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होत असल्याने निमित्तही योग्यच आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : कासाल्स यांच्या भोपळ्याच्या चेलोची आणि जुन्या दुकानात अचानक सापडलेल्या स्वरलिपीची गोष्ट मी वाचली आहे. तिच्यात तथ्य किती आणि भक्तांनी घातलेली भर किती? (निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : दोन्ही गोष्टींना आधार आहे; दुसरीवर मात्र पुढे पुष्कळ रंग चढला.

कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एल व्हेंद्रेल या गावी झाला. वडील कार्लेस तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंद सांभाळीत, तर आई पिलार मूळची पोर्तो रिकोची होती. पियानो, व्हायोलिन आणि ऑर्गन यांचे पहिले धडे मुलाने घरीच गिरवले. गावात आलेल्या फिरत्या वादकांजवळचे एक ओबडधोबड तंतुवाद्य पाहून त्याने तसेच वाद्य हवे म्हणून हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी सुक्या भोपळ्याला एक तार जोडून त्याची हौस भागवली. ते वाद्य आजही सान साल्व्हादोर येथील कासाल्स यांच्या घरातील संग्रहालयात आहे, म्हणजे ही कथा रचलेली नाही. आणि मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे पाहिलेल्या माणसाला तिचे फारसे नवलही वाटू नये.

खरा चेलो त्यांनी ऐकला तो वयाच्या अकराव्या वर्षी, बार्सिलोनाचे जोसेप गार्सिया गावात वाजवायला आले तेव्हा. त्यानंतर मुलाचे काय करायचे यावर घरात तीव्र मतभेद झाले. संगीतावर पोट भरत नाही, तेव्हा त्याने सुतारकाम शिकावे, असे वडिलांचे म्हणणे होते, आणि आईला ते मुळीच मान्य नव्हते. अखेर आईचे चालले. १८८८ मध्ये ती मुलाला घेऊन बार्सिलोनाला गेली आणि तिथल्या नगरपालिकेच्या संगीत विद्यालयात गार्सिया यांच्याच हाताखाली त्याचे शिक्षण सुरू झाले. आमच्या मते कासाल्स यांच्या चरित्रातील सर्वांत निर्णायक घटना हीच आहे. पण तिच्यात भोपळ्यासारखे डोळ्यांत भरणारे काही नसल्याने ती क्वचितच सांगितली जाते.

शिक्षणाच्या काळात ते बार्सिलोनातील एका कॅफेत तीन वादकांच्या संचात वाजवीत असत. १८९० मध्ये, तेरा वर्षांचे असताना, कॅफेत वाजवण्यासाठी काही नवे मिळते का हे पाहायला ते वडिलांबरोबर बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात शिरले आणि तिथे त्यांना योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या, एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा सुइट (म्हणजे नृत्यांच्या चालींवरील तुकड्यांच्या मालिका) मिळाल्या. इथवर सर्व ठीक आहे. मात्र त्या रचना जगातून हरवल्या होत्या आणि एका पोराने त्या शोधून काढल्या, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. बाखने त्या १७२० च्या सुमारास रचल्या; त्याच्या हस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नसली तरी त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल टिकून आहे; एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या छापल्या गेल्या होत्या, आणि शूमान या संगीतकाराने त्यांना पियानोची साथही लिहिली होती. कासाल्स यांच्या हाती पडली ती ग्रुट्झमाखर या जर्मन चेलोवादकाने संपादित केलेली छापील आवृत्तीच होती.

या रचना हरवल्या नव्हत्या, परंतु त्यांच्याकडे मैफलीचे संगीत म्हणून कोणी पाहत नव्हते. बोटे तयार करण्याचे पलटे म्हणून विद्यार्थी त्या घासत, आणि फार तर एखादा तुकडा जाहीर कार्यक्रमात वाजवला जाई. कासाल्स यांनी त्या जवळपास बारा वर्षे रोज वाजवल्या आणि मगच त्यांतील एक सुइट पहिल्यापासून शेवटपर्यंत श्रोत्यांसमोर मांडली. दुकानातला तो दिवस सर्वांच्या लक्षात राहिला आहे. आम्हांला या बारा वर्षांचे मोल अधिक वाटते.

प्रश्न : त्यांनी वादनात नेमके बदलले काय? आणि आपल्याकडे रागानुसार स्वराची जागा किंचित वर-खाली होते, तसा काही विचार पाश्चात्त्य वादक करतात का? (व्हायोलिनचा विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न पहिल्याच्याच पोटात आहे, म्हणून आधी हातांविषयी सांगतो.

चेलोला चार तारा असतात. पांढरी एकला (पाश्चात्त्य ‘सी’ स्वराला) षड्ज मानले तर खालून वर त्या सा, प, रे, ध अशा लागतात, आणि सर्वांत खालची तार पियानोच्या मधल्या पांढरी एकपेक्षा पूर्ण दोन सप्तके खाली बोलते. तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणजे व्हायोलिनच्या दुपटीहूनही लांब असल्याने दोन स्वरांमधले अंतर मोठे असते. व्हायोलिनवर आपली चार बोटे जेवढे स्वर सहज आवाक्यात घेतात, तेवढे चेलोवर घेता येत नाहीत. हाताच्या साध्या ठेवणीत तर्जनी आणि करंगळी यांच्यामध्ये तीनच अर्धस्वरांचे अंतर मावते. त्यामुळे जुन्या पद्धतीचा वादक सगळा हात एकत्र उचलून वर-खाली सरकवीत राही, आणि दर वेळी हात सरकताना ‘सुईं’ असा एक घसरता आवाज निघे. वाक्य मागत नसतानाही मींड यावी, असा तो प्रकार होता.

उजव्या हाताची स्थिती याहूनही चमत्कारिक होती. कोपर अंगाला चिकटून राहावे म्हणून काखेत पुस्तक धरून गज चालवण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावली जाई. कासाल्स यांनाही सुरुवातीला असेच शिकवले गेले. त्यांनी विद्यार्थिदशेतच हे झुगारले. खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात मोकळा सोडला, तरच गजाचे वजन तारेवर हवे तेव्हा पडते आणि हवे तेव्हा उचलले जाते, हे त्यांनी वाजवून दाखवले. डाव्या हाताच्या बाबतीत त्यांनी हात सरकवण्याऐवजी बोटे फाकवून लांबचा स्वर गाठण्याचा मार्ग सर्रास वापरला, त्यामुळे नको तिथली घसरण गेली आणि वाक्य स्वच्छ झाले. बोट तारेवर नुसते टेकवायचे नाही, तर छोट्या हातोडीसारखे नेमके पाडायचे, म्हणजे गजाची दिशा न बदलताही स्वराचा आरंभ स्पष्ट ऐकू येतो, हेही त्यांच्या शिकवणुकीतले एक महत्त्वाचे अंग होते. आज जगातील कोणत्याही चेलो वर्गात या गोष्टी इतक्या सहज शिकवल्या जातात, की त्या कधी कोणाला सुचाव्या लागल्या असतील हे ध्यानातही येत नाही.

आता स्वरस्थानांचा प्रश्न. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात आणि वादकाला त्यात काही करता येत नाही. चेलोला पडदे नसल्याने ते बंधन नाही. कासाल्स यांचे म्हणणे असे होते, की सुरेल वाजवणे म्हणजे पियानोशी जुळवून घेणे नव्हे. धून जिकडे ओढ घेते तिकडे स्वर झुकला पाहिजे. वरच्या षड्जाकडे जाणारा शुद्ध निषाद पियानोवरील निषादापेक्षा किंचित चढा हवा, आणि खाली उतरू पाहणारा कोमल स्वर किंचित उतरा हवा. ही सूक्ष्म अंतरे त्यांनी विद्यार्थ्यांकडून कसोशीने घोटून घेतली.

पुणेकर वाचकांना ही चर्चा परकी वाटू नये. १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक पुण्यातच प्रसिद्ध केले होते, त्या संशोधनात अब्दुल करीम खाँसाहेबांचा सहभाग होता, आणि हार्मोनियमच्या बांधीव स्वरांविषयीची नाराजी पुढे इतकी वाढली की आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके त्या वाद्याला दूर ठेवले. तरीही दोन्ही विचार एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दरबारीचा गंधार अतिकोमल असतो तो त्या रागाचा स्वभाव म्हणून, आणि त्याचे आंदोलनही त्या रागाचेच असते. कासाल्स यांचा निषाद चढतो तो त्या क्षणी पुढे कोणता स्वर येणार आहे त्यावरून. षड्जाकडे जायचे नसेल तर तो चढवण्याचे कारणच उरत नाही. त्यांच्या विचारात दिशेला महत्त्व आहे, आपल्याकडे रागरूपाला. आपण व्हायोलिन शिकत असल्याने एक प्रयोग जरूर करून पाहावा : बिहागमधील ‘नि सा’ आणि हार्मोनियमवरील ‘नि सा’ लागोपाठ वाजवून निषादाच्या उंचीकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : एवढ्या मोठ्या वादकालाही रंगमंचाची भीती वाटत असे, हे खरे का? आणि ती घालवण्याचा उपाय काय? (शास्त्रीय गायिका, एरंडवणे)

उत्तर : खरे आहे, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. आयझॅक अल्बेनिझ या संगीतकाराने त्यांना कॅफेत ऐकून दिलेल्या शिफारसपत्राच्या बळावर ते १८९३ मध्ये माद्रिदला गेले, राणी मारिया क्रिस्तिना यांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि १८९९ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल लामूरे यांच्या वाद्यवृंदासह वाजवल्यावर त्यांचे नाव युरोपभर झाले. तेव्हापासून पुढची सत्तर वर्षे, मधला काही काळ वगळता, ते लोकांसमोर वाजवीत होते. तरी प्रत्येक कार्यक्रमाआधी छातीत धडधड होते, असे ते म्हातारपणीही सांगत.

याचा सर्वांत बोलका प्रसंग १९०१ च्या अमेरिका दौऱ्यातला आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगरावर फिरताना एक दगड घरंगळत येऊन त्यांच्या डाव्या हातावर पडला आणि बोटे जबर दुखावली. त्या वेळी मनात आलेला पहिला विचार ‘सुटलो, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही’ असा होता, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. हात काही महिन्यांत बरा झाला आणि १९०४ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर वादन केले. आपण भीती घालवण्याचा उपाय विचारला आहे. कासाल्स यांच्या चरित्रात तो सापडत नाही. सापडते ती एक ठरलेली सकाळ : उठल्यावर प्रथम पियानोवर बाखचे दोन प्रेल्यूड (सुरुवातीचे तुकडे) आणि दोन फ्यूग (एकच धून अनेक धारांत गुंफणाऱ्या रचना), त्यानंतर बाकी सर्व, आणि हा क्रम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत पाळला.

प्रश्न : त्यांच्या बाखच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. आवाज खरखरीत आहे, आणि अलीकडचे वादक अधिक सफाईने वाजवतात असे वाटले. तरीही त्यांनाच पहिला मान का दिला जातो? (वाचक, कॅम्प)

उत्तर : खरखर आहे, हे निर्विवाद. सहाही सुइटचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण कासाल्स यांनी १९३६ ते १९३९ या काळात केले. दुसरी आणि तिसरी सुइट नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, पहिली आणि सहावी १९३८ मध्ये पॅरिसला, चौथी आणि पाचवी जून १९३९ मध्ये पुन्हा पॅरिसलाच मुद्रित झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे चार मिनिटांत संपे आणि चुकलेली जागा कापून दुसरी जोडण्याची सोय नव्हती. चुकले तर सगळी बाजू पुन्हा वाजवायची. साठीला टेकलेल्या वादकाने हे वाजवले आहे. आजचे वादक अधिक सफाईदार आहेत हे आपले निरीक्षणही योग्यच आहे. अनेकांना कासाल्स यांची लय फार सैल वाटते, आणि बाखच्या काळातील वाद्ये व वादनरीती यांचा अभ्यास करून वाजवणारे कलाकार या सुइटमधील नृत्याचा ठेका त्यांच्यापेक्षा अधिक जपतात. आम्हांलाही काही ठिकाणी तसेच वाटते.

पहिला मान आहे तो वेगळ्या कारणाने. प्रत्येक सुइटमध्ये एक प्रेल्यूड आणि त्यानंतर आल्मांद, कुरांत, साराबांद, दोन छोटी नृत्ये व शेवटी जिग असा क्रम असतो. साथीला कोणी नाही, आणि बव्हंशी एका वेळी एकच स्वर वाजतो; तरीही ऐकणाऱ्याला खालचा आधारस्वर, मधले उत्तर आणि वरची धून अशा दोन-तीन धारा एकत्र चालल्याचा भास होतो. हा भास टिकवायचा तर कोणता स्वर कोणत्या धारेतला आहे हे वादकाला प्रत्येक क्षणी ठाऊक असावे लागते आणि त्याप्रमाणे गजाचा दाब बदलावा लागतो. कासाल्स यांनी या रचना अशा रीतीने वाचल्या आणि त्या वाचनाची नोंद मागे ठेवली. त्यानंतर पियेर फूर्निए असोत, रोस्त्रोपोविच असोत किंवा यो-यो मा असोत, सर्वांनी आपापली वाट काढली. पण या सहा सुइट पूर्ण वाजवल्याशिवाय चेलोवादकाचे शिक्षण पुरे होत नाही, हा संकेत कासाल्स यांच्यानंतरच रूढ झाला.

बहुतेक लोक पहिल्या सुइटच्या प्रेल्यूडपासून सुरुवात करतात, कारण जाहिरातींपासून लग्नसमारंभांपर्यंत तो सर्वत्र कानावर पडतो. आमची शिफारस पाचव्या सुइटमधील साराबांदची आहे. त्यात एकही जोडस्वर (एकाच वेळी वाजणारे दोन स्वर) नाही. एकच सलग, संथ ओळ आहे, आणि मंद्रातील आलाप ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ती लवकर आपलीशी होईल.

प्रश्न : हुकूमशाहीचा निषेध म्हणून त्यांनी वादनच थांबवले, असे वाचले. कलावंताने कला थांबवून कोणाचे काय बिघडते? त्याचा उपयोग झाला का? (निवृत्त बँक अधिकारी, औंध)

उत्तर : आपला प्रश्न रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसेच देतो : राजकीय उपयोग झाला नाही. परंतु त्या निर्णयापर्यंत ते कसे आले हे पाहिल्याखेरीज त्याचे मूल्यमापन करता येणार नाही.

कासाल्स हे प्रजासत्ताकवादी होते आणि त्यांची राजकीय निष्ठा केवळ भाषणांपुरती नव्हती. १९२० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, सुरुवातीच्या काळात त्याचा तोटा स्वतःच्या कमाईतून भरला, आणि १९२६ पासून कामगारांची एक संगीत संस्था चालवून नाममात्र वर्गणीत त्यांच्यासाठी रविवारी सकाळी मैफली ठेवल्या. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी तिथली निमंत्रणे नाकारली. जुलै १९३६ मध्ये, बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असतानाच, पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या उठावाची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाल्याचे कळले. कासाल्स यांनी वादकांना आणि गायकांना विचारले, की पुन्हा केव्हा भेटू हे माहीत नाही, तर निरोप घेण्यापूर्वी हे पूर्ण करायचे का. आणि सर्वांनी ती सिंफनी शेवटपर्यंत नेली. त्यानंतरच्या यादवी युद्धाच्या काळात फ्रँकोच्या एका सेनापतीने, हा माणूस सापडला तर त्याचे दोन्ही हात कोपरापासून तोडू, अशी धमकी रेडिओवरून दिल्याचे त्यांनी सांगितले आहे.

१९३९ मध्ये प्रजासत्ताक कोसळले आणि कासाल्स सीमेपलीकडे, फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्राद या छोट्या गावी राहू लागले. स्पेनमधून आलेले हजारो निर्वासित जवळपासच्या छावण्यांत अत्यंत हलाखीत दिवस काढीत होते. त्यांच्यासाठी पैसे, कपडे आणि अन्न मिळवणे, जगभर पत्रे लिहिणे आणि आलेल्या पत्रांना उत्तरे देणे, हेच त्यांचे मुख्य काम झाले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर जर्मन अधिकाऱ्यांनी घरी येऊन बर्लिनला वाजवण्याचे निमंत्रण दिले. तेही त्यांनी नाकारले.

महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही हटवतील अशी त्यांची खात्री होती. १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे प्रचंड स्वागत झाले, पण ब्रिटिश सरकारचा तसा कोणताही इरादा नाही हे ध्यानात येताच त्यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या नाकारल्या आणि फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणार नाही, असे जाहीर केले. आपण ‘वादनच थांबवले’ असे लिहिले आहे, त्यात एवढी भर घालावी लागेल, की थांबले ते जाहीर वादन. घरातला रियाझ आणि शिकवणे चालूच होते. १९५० मध्ये, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे होत असताना, अलेक्झांडर श्नायडर या व्हायोलिनवादकाने त्यावर तोड काढली : आपण जगाकडे येत नसाल तर जग आपल्याकडे येईल. त्या वर्षी नामांकित वादक प्रादच्या चर्चमध्ये जमले आणि तिथला महोत्सव सुरू झाला.

याच संदर्भात आल्फ्रेद कोर्तो यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कासाल्स, पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक जाक तिबो यांचे त्रिकूट १९०५ पासून जवळजवळ तीस वर्षे गाजत होते. युद्धकाळात कोर्तो यांनी जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारचे काम पत्करले. युद्धानंतर त्यांनी प्रादला येऊन कासाल्स यांच्याकडे आपली चूक कबूल केली, आणि १९५८ च्या महोत्सवात दोन्ही वृद्ध पुन्हा एकत्र वाजवायला बसले. तत्त्वासाठी अर्ध्या जगाचे रंगमंच सोडणारा माणूस व्यक्तीला क्षमा करू शकत होता. आम्हांला त्यात विसंगती वाटत नाही. नकार होता तो राजवटींना आणि त्यांच्याशी सोयरीक करणाऱ्या सरकारांना.

तो नकार त्यांनी कडेकोट पाळला असेही नाही. १९५८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वाजवले, आणि १३ नोव्हेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये, म्हणजे रूझवेल्ट यांच्यासमोरील वादनानंतर ५७ वर्षांनी. अमेरिकेने तोवर फ्रँकोशी लष्करी करारही केलेला होता. टीकाकारांनी याकडे बोट दाखवले. कासाल्स यांचे समर्थन असे होते, की केनेडी यांच्याशी बोलून काही घडण्याची आशा होती. घडले काहीच नाही. कासाल्स २२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोत, वयाच्या ९६ व्या वर्षी वारले आणि फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी, सत्तेवर असतानाच मेला. १९७९ मध्ये कासाल्स यांचे अवशेष एल व्हेंद्रेलला आणण्यात आले.

उपयोगाच्या हिशेबात हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरतो. परंतु काखेतले पुस्तक टाकून देणारा, पलट्यांच्या वहीला मैफलीत आणणारा हट्टच इथेही दिसतो, आणि तो हट्ट वादनापुरता वापरावा व बाकी ठिकाणी गुंडाळून ठेवावा, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे आम्हांला रास्त वाटत नाही.

प्रश्न : ऐंशीव्या वर्षी त्यांनी विशीतल्या विद्यार्थिनीशी लग्न केले, हे खरे आहे का? (पोस्टकार्ड, नारायण पेठ)

उत्तर : होय. १९५७ मध्ये मार्ता मोंतान्येझ या पोर्तो रिकोच्या चेलोवादिकेशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे आणि त्या वीस वर्षांच्या होत्या. त्याआधी पोर्तुगालच्या थोर चेलोवादिका गिल्हेर्मिना सुजिया यांच्याशी त्यांचे काही वर्षे सहजीवन होते, आणि १९१४ मध्ये अमेरिकन गायिका सुझन मेटकाफ यांच्याशी त्यांनी विवाह केला होता. तो टिकला नाही. मार्ताबाईंना केवळ ‘वृद्धाची तरुण पत्नी’ म्हणून ओळखणे मात्र अन्यायाचे होईल, कारण पुढे त्या वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या कलासंचालक आणि न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकच्या अध्यक्ष झाल्या.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी चेलो शिकायचे म्हणते. एवढ्या लहान हातांना ते झेपेल का, आणि पुण्याच्या हवेत वाद्य टिकेल का? (पालक, हडपसर)

उत्तर : झेपेल, फक्त वाद्य तिच्या मापाचे हवे. चेलो पाव, अर्धा, पाऊण अशा मापांत मिळतो. मूल वाद्य पायांमध्ये घेऊन खुर्चीच्या कडेवर ताठ बसले, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि डावा हात खांदा न उचलता पट्टीच्या (तारांखालच्या, बोटे पडतात त्या लाकडी फळीच्या) वरच्या टोकाला पोहोचला, की माप बरोबर आहे असे समजावे. पुढे वाढेल म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली बूट-चपलांची सवय इथे टाळावी. मोठ्या चेलोवर लहान हात ताणले गेले तर सुरुवातीलाच सूर आणि बैठक दोन्ही बिघडतात. बोटे फाकवण्याची जी रीत वर सांगितली, ती शिक्षक सांगतील तेव्हाच सुरू करावी. कासाल्स यांनीही चेलो हाती घेतला तो अकराव्या वर्षी, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

मुलीला प्रत्यक्ष वादन ऐकवावे. कॅम्पातील मझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम होत असतात, आणि मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेत २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम असतात; तिथे आठ-दहा चेलो एकत्र वाजताना पाहणे हा तिच्यासाठी मोठाच आनंद ठरेल. तिचा ओढा रागसंगीताकडे असेल तरीही वाट बंद नाही. दिल्लीत स्थायिक झालेल्या सास्किया राव-द हास यांनी तरफांच्या तारा असलेला, जमिनीवर बसून वाजवता येणारा चेलो बनवून घेतला आहे आणि त्यावर त्या हिंदुस्थानी राग वाजवतात.

हवेविषयी थोडे सावध राहावे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तारा पट्टीपासून उंच झाल्यासारख्या वाटतात. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत खुंट्या सैल होऊन तारा आपोआप उतरतात आणि क्वचित कडेचा सांधाही उकलतो. वाद्य एसीच्या झोतासमोर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत आणि तारांवर साचलेली राळ कोरड्या फडक्याने पुसावी. घोडीच्या खाली, वाद्याच्या पोटात एक लहानशी लाकडी कांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबावर उभी राहते. म्हणून तारा बदलायच्या असतील तर एका वेळी एकच काढावी, चारही एकदम सोडू नयेत. कांडी पडलीच तर वाद्य न वाजवता, उरलेल्या तारा सैल करून, ते थेट जाणत्या कारागिराकडे न्यावे.